दारात उभ्या पोराला वाक्य द्या

मु. पो. शहापूर, जि. भंडारा
मार्गशीर्ष, थंडी कानाला लागण्याइतकी

चि. श्री. मनिष यास,

जागेश्वर मामाचे पोटभर आशीर्वाद. (चिरंजीव लिहावं की श्रीयुत, यात माझा एक चहा थंड झाला. भाचा म्हणून तू चिरंजीव. पण ज्याच्यासाठी गावच्या बाया रोज संध्याकाळी भात चुलीवर सोडून येतात, तो माणूस श्रीयुतच म्हणायचा. शेवटी दोन्ही लिहून मोकळा झालो.) तुझी तब्येत ठीक असावी. खोकला गेला का? मुंबईत थंडी पडत नाही म्हणतात, म्हणून मफलर पाठवत नाही. आम्ही सगळे मजेत आहोत. धानाची मळणी झाली, नाटकांचा हंगाम सुरू झाला, आणि माझ्या बिछायतीचे, म्हणजे भाड्याच्या मांडव-माइकच्या दुकानाचे, सहा भोंगे सहा गावांत बोलून राहिले आहेत. इथे शहापुरात हायवेच्या ट्रकांशिवाय कोणी बोलत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मामा फोन सोडून पत्र काहून लिहून राहिला, असं तुझ्या मनात येईल. बाबा रे, फोन तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवतोस, आणि मी पाठवलेले आवाजी निरोप दुप्पट वेगाने ऐकतोस, असं माझ्या खुशबूने मला सांगितलं. (पोरगी माझी, पण आतेभावाची गुपितं फोडताना तिला कोणाचीच भीड नाही.) दुप्पट वेगाने ऐकलेला मामा हा मामा राहत नाही. पत्राला तसं बटण नाही, ते वाचावंच लागतं.

आई बरी आहे. तिच्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं तू मला मागेच बजावलं आहेस, तेव्हा शकुनबाईचं नाव या पत्रात फक्त कंसात येईल. (चार वर्षांपूर्वी ती म्हणाली, “लिहून कोनाचं पोट भरते?” आणि तू पातोडीच्या रश्शाचं भरलं ताट तसंच ठेवून उठलास, रस्त्यावर जाऊन एसटीला हात दाखवलास. तेव्हापासून आधी कोण बोलतो याची ती इकडे वाट पाहते आणि तू तिकडे. दोघांत एक मोठा भाऊ आणि एक मामा, म्हणजे मी दोनदा अडकलो.) तर कंस संपला. हे पत्र तुझ्या मालिकेबद्दल आहे. मालिकेचं नाव मी लिहीत नाही, कारण आमचा पोस्टमन धनंजय पाकीट उजेडात धरून पाहतो, आणि ती मालिका तू लिहितोस, नुसता लिहीतही नाहीस तर लिहिणाऱ्या सगळ्यांचा मुकादम आहेस, कोण जगेल, कोण मरेल, कोणाला जुळी होतील हे तुझ्या होकाराशिवाय हलत नाही, ही गोष्ट गावात माझ्याखेरीज कोणालाही माहीत नाही. तुझं नाव शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात येतं, आणि ती मुंगी वाचायच्या आत साबणाची जाहिरात लागते.

आता मुद्दा. दिवाळीनंतर मी एक प्रोजेक्टर घेतला, जुनाच. लग्नात नवरानवरीचे फोटो भिंतीवर दाखवायची फॅशन आली आहे ना. लग्नं अजून दूर, यंत्र पडून, म्हणून मी तलावाच्या पाळीवर दोन बल्ल्या रोवल्या, मांडवाच्या छताचा पांढरा कपडा ताणला, आणि संध्याकाळी तुझी मालिका लावायला लागलो. (ज्याने उमेदीची वर्षं सायकलवर भोंगा बांधून गावोगाव काढली, त्याला फुकटात गर्दी जमवण्याचा नाद असतो. तो औषधाने जात नाही.) मनिष, तू तुझी मालिका कधी पाहिली नाहीस. चौकोनी डब्यात पाहिली असशील. इथे ये आणि पाहा. मागे तलाव, तलावावर धुकं, बदकं झोपेत पुटपुटतात, कापलेल्या धानाचे पुंजणे रचले होते तिथे सांडलेल्या दाण्यांचा वास येतो, आणि मधोमध तुझी माणसं दहा-दहा हात उंच. वारा आला की कपडा फुगतो आणि तुझी मोठी सून श्वास घेते. वारा पडला की तिचा जीव जातो. आमची म्हातारी माणसं तर आता दिवसाही तिच्यासाठी वाऱ्याकडे लक्ष ठेवतात.

त्या कपड्याला वरच्या कोपऱ्यात हळदीचा एक गोल डाग आहे, मोहाडीच्या कुठल्याशा लग्नातला. धुऊन जात नाही. तो डाग तुझ्या प्रत्येक प्रसंगात येतो. अंगणात येतो ते ठीक, पण स्वयंपाकघरातही येतो, कोर्टातही येतो. पहिल्याच आठवड्यात केवळरामकाकांनी (आठवतात ना, जन्मभर नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं, आता दात गेले म्हणून घरी बसले) सगळ्यांना समजावून सांगितलं की हा लेखक फार खोल आहे, त्याने घरातसुद्धा चंद्र ठेवला आहे, याचा अर्थ असा की कोणी कितीही दार लावलं तरी एक जण पाहत आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डागाचं काही बोललो नाही. तुझी अब्रू वाढत होती, आणि माझी धुलाई वाचत होती.

मालिका संपली की उठून कोणी जात नाही. शेकोटी पेटते आणि तुझी चिरफाड सुरू होते. माझं यंत्र मी हळूहळू गुंडाळतो, वायर पुन्हा पुन्हा कोपरावर घेतो, आणि ऐकतो. माझे कान तुला ठाऊक आहेत. माइकमध्ये नुसता श्वास आला तरी नट कुठल्या गावाहून चालत आला ते मी सांगतो. तर त्या कानांनी गोळा केलेलं सगळं तुझ्या सुधारणेसाठी लिहितो, राग मानू नकोस.

गुण आधी. धान रोवणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम पंचफुला तुझ्या स्वयंपाकघरावर जीव टाकते. तिचं म्हणणं, बाकीच्या मालिकांत बाया स्वयंपाकघरात फक्त कट करायला जातात, ह्या माणसाच्या स्वयंपाकघरात खरंच भात शिजतो. तुझ्या मालिकेतली आई वरण ढवळून झालं की पळी गंजाच्या, म्हणजे त्या उभ्या पातेल्याच्या, काठावर दोनदा वाजवते आणि मग तळहातावर थेंब घेते, हे पंचफुला रोज करून दाखवते आणि विचारते, ह्या लेखकाले हे कोनं सांगितलं असन गा? आणि माझ्याकडे पाहते. मी वायर गुंडाळतो. (गुपित ठेवणं ही माझी जुनी कला.) दुसरा गुण, तुझ्याकडे पूर्ण वाईट माणूस नाही. तुझी ती खलनायिका आत्या, तिने दागिने पळवले, पण पळवताना देवापुढची वात सारखी केली. त्या एका वातीवरून पंचफुला आणि केवळरामकाका दोन दिवस बोलत नव्हते.

दोष पुष्कळ आहेत, बसून वाच. एक, तुझ्या गावात रोवणा आणि कापणी एकाच दिवशी होते. पुढे बाया चिखलात धानाचे कोवळे परे लावून राहिल्या आणि मागे भिंतीशी धानाच्या पेंढ्या रचलेल्या. पंचफुला म्हणाली की हा लेखक शहरातला होय, त्याले धान म्हनजे पोत्यात उगवते असं वाटते. मनिष, मला तेव्हा वायर तिसऱ्यांदा गुंडाळावी लागली. चिखलात तू लहानपणी तिच्याच टोळीच्या मागे बेडूक धरत फिरायचास. दोन, योगायोग. हरवलेला माणूस सापडतो तो दरवेळी दवाखान्यातच, जणू सगळ्या महाराष्ट्रात एकच दवाखाना आहे. तीन, तुझ्या मालिकेतला धाकटा काका. तो आषाढात दूध आणायला गेला तो अजून आला नाही. खुशबू ज्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये आहे, तिथे यावर मोठा वाद झाला. काही म्हणतात लेखक विसरला, काही म्हणतात हा सूचक मृत्यू आहे. आमच्या लोकांना यात वाद घालण्यासारखं काहीच वाटलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं की नटाने दुसऱ्या गावची तारीख घेतली असणार. झाडीपट्टीत हे नेहमीचंच. लाखांदूरकडे प्रयोग रंगला असेल तर येईल बिचारा होळीपर्यंत.

त्या ग्रुपमधले लोक शिकलेले दिसतात. खुशबू मोठ्याने वाचून दाखवते. तुझे पहिले शंभर भाग चांगले मानणाऱ्यांचा एक पक्ष आहे, आणि नंतरचे समजायला अक्कल लागते म्हणणाऱ्यांचा दुसरा. पण एका गोष्टीवर दोन्ही पक्ष आणि आमची शेकोटी एकमत आहेत. आई आणि मुलगा समोरासमोर आले की तुझी लेखणी पळून जाते. पहिल्यांदा ते बोलणार तेव्हा फोन वाजला. दुसऱ्यांदा लाइट गेली. तिसऱ्यांदा दूधवाला आला (काका नव्हे, दुसराच). पंचफुलाने निकाल दिला, “ह्याले माय लिहिता येत नाही.” केवळरामकाकांनी काठीने निखारे सारखे केले. मग म्हणाले, “माय त चांगली लिहिली हो बाई. पोरगं लिहिता येत नाही त्याले.”

मी तुझ्या वतीने काही म्हणणार होतो. त्याऐवजी गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळली.

(आता कंस. शकुनबाई मालिका पाहत नाही. तिने तसं सगळ्यांना सांगितलं आहे. ती फक्त लाखोळीची डाळ निवडायला सूप घेऊन येते, आणि आमच्याकडे न बसता कपड्याच्या पलीकडे, तलावाच्या बाजूला, मासे धरायच्या एका पालथ्या डोंग्यावर बसते. तिकडे उजेड येतो, डाळ दिसते, असं तिचं म्हणणं. आता पातळ कपड्यावरचं चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं हे बिछायतवाल्याला कोणी सांगायला नको. फक्त मागून उलटं दिसतं. म्हणजे गेला दीड महिना ती तुझी सगळी मालिका उलटी पाहून राहिली आहे. तुझा नायक तिच्यासाठी डावखुरा आहे. तिचा चंद्र आमच्या विरुद्ध बाजूला उगवतो.)

आणि मग मागच्या सोमवारी तुझं पोरगं घरी आलं. मालिकेतलं. रुसून गेलेलं, एवढ्या भागांनंतर. आई दारात, ते पायरीवर. गर्दी एवढी की मला वरच्या अंगाला दुसरी सतरंजी टाकावी लागली. तू काय केलंस? त्याचा चेहरा दाखवलास, तिचा चेहरा दाखवलास, पुन्हा त्याचा, ढोल वाजला, संपलं. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुवारी ते पाणी गालापर्यंत आलं. मनिष, आमच्याकडे लोकांनी नाटकं पाहिलेली आहेत. नट रंगमंचावर उभा राहून बोलत नाही, याचा शहरात काय अर्थ होतो मला माहीत नाही. आमच्याकडे एकच होतो, की त्याला प्रॉम्प्टरचा आवाज पोचला नाही.

शुक्रवारी केवळरामकाकांना ते सहन झालं नाही. ते उठले, काठी टाकली, कपड्याच्या खालच्या काठाशी जाऊन त्यांच्या ठरलेल्या बैठकीत उकिडवे बसले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि दहा हात उंच पोराला वाक्य दिलं. दबक्या आवाजात, नटालाच ऐकू यावं असं. ‘माते, तुझा अपराधी आलो आहे.’ पोरगं बोललं नाही. काकांनी पुन्हा दिलं. मागून कोणी म्हणालं, हे जुन्या नाटकातलं होय काका, ते पोरगं पँट घालून आहे, त्याले नवं द्या. मग काय, ज्याला त्याला सुचायला लागलं. पंचफुला म्हणे त्याला ‘चुकलो’ म्हणायला सांगा. कोणी म्हणे पाया पड. खुशबूसारखी पोर, बी.ए.ला बसलेली, तीसुद्धा ओरडली की मिठी मार. सगळं शहापूर पाळीवर उभं राहून एका कपड्याला प्रॉम्प्टिंग करून राहिलं होतं, आणि तुझं पोरगं आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून पाहत उभं.

तेवढ्यात तलावावरून वारा आला आणि कपडा इतका फुगला की बल्ली हलली. मी दोर आवळायला पलीकडे धावलो. तिकडे वेगळंच जग होतं. गलका कपड्याने अडवलेला, पाणी गप, धुक्यात उजेड कालवल्यासारखा, आणि फुगलेल्या कपड्यासोबत ते उलटं पोरगं वाकून डोंग्यापर्यंत आलं होतं. तिने मान वर केली, आणि सूप मांडीवर ठेवून, मोठ्याने नाही, बोलल्यासारखंही नाही, त्याला म्हणाली,

“भूक लागली म्हन ना बाबू. बाकीचं मी पाहून घेईन.”

वारा पडला. पोरगं मागे सरकून पुन्हा सपाट झालं. जाहिरात लागली.

(कंस घालायचा राहिला. राहू दे.)

तिने मला पाहिलं नाही.  दोर घट्ट झाला होता तरी मी तो आवळतच राहिलो. बोलताना ती ‘मी’ म्हणाली. ‘तुझी माय पाहून घेईल’ म्हणाली नाही. माझे कान तुला ठाऊक आहेत.

त्या दिवसापासून मला सगळं थोडं पाण्यावरच्या प्रतिबिंबासारखं दिसतं. दुकानात कोणी खुर्च्यांचा भाव विचारला तर मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, की ह्याला नक्की काय म्हणायचं आहे आणि वाक्य कोणी दिलं नाही. धंद्याला हे बरं नाही. तर विनंती एवढीच, की तुझ्या पोराला ते वाक्य दे. अजून ते पायरीवर उभं आहे. थंडीचे दिवस आहेत, पाय दुखत असतील. चाहत्यांचे दोन्ही पक्ष तुला डोक्यावर घेतील, मालिकेचा एकमेव मोठा दोष जाईल, आणि लेखक कोण ते कोणाला कळणारही नाही. खोकल्याला लेंडीपिंपळी मधातून घे.

तुझा कंसातून बाहेर आलेला,
जागेश्वर मामा

ता. क. दूध आणायला गेलेल्या काकाला परत आणलंस तर बरं. होळीनंतर लोक आशा सोडतील.

ता. क. २. पाकीट डकवणार तोच केवळरामकाका दुकानात आले आणि म्हणाले, “मनिषले आमचं सारं लिहिलं ना गा? रोवन्याचं लिहिलं का?” मी म्हटलं कोणता मनिष, कसलं लिहिणं. तेव्हा त्यांनी दया येऊन सगळं सांगून टाकलं. तर असं आहे की पाळीवर दाखवलेल्या पहिल्याच भागात पळी गंजावर दोनदा वाजली तेव्हाच पंचफुलाने ओळखलं होतं. ती सवय सगळ्या भंडारा जिल्ह्यात एकाच बाईची आहे. मग गावाने आपसात ठरवलं की शेकोटीवर जे बोलायचं ते मला ऐकू जाईल असं बोलायचं, म्हणजे मी ते गोळा करून तुला कळवीन. तोंडावर सांगितलं तर लेखक लोक बिथरतात. दीड महिना मी वायर गुंडाळून राहिलो आणि सगळे मला वायर गुंडाळायला पुरेसा वेळ देऊन राहिले. चंद्र हा हळदीचा डाग आहे हेही त्यांना माहीत आहे. काकांनी ते स्पष्टीकरण फक्त तुझा उत्साह वाढावा म्हणून दिलं होतं. (मी कपडा धुवायला काढला तर तुझ्या आईने तो हातातून घेतला. म्हणाली, राहू दे दादा, त्या पोराले अंधारात वाट दिसते.) आता गावात एकच गोष्ट माझी एकट्याची उरली आहे, ती डोंग्यापाशी ऐकलेली. ती तरी मी कोणाला सांगितलेली नाही.

ता. क. ३. वरची विनंती रद्द समज. ते वाक्य मालिकेत घालू नकोस. घातलंस तर सगळे म्हणतील लेखक सुधारला, टाळ्या होतील, आणि तू तिकडेच बसशील. मालिकेत खुशाल पुन्हा फोन वाजू दे, आम्ही ओरडू. काल शकुनबाईने मला विचारलं, मालिकेतलं ते पोरगं कोणत्या गाडीनं आलं असन? मी म्हटलं विदर्भ एक्सप्रेस असेल, भंडारा रोडला उतरलं असेल. तिने विचारलं, म्हनजे गाडीत त्यानं काही खाल्लं असन का?

मी सांगितलं, माहीत नाही, लेखकाला विचारतो.

तर गाडीत काही खाऊ नकोस.